तलावातले २३ पाइप, त्यातला एक आमचा

खूप दिवस झाले इथं काही टाकलं नाही. दिवसभर ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरसमोर बसायचं, दाखले काढायचे, सर्व्हर बंद आहे म्हणून लोकांच्या शिव्या खायच्या, मग घरी येऊन परत टायपिंग कोण करणार. पण ह्या खेपेला लिहितो, कारण तालुक्यातले मित्र फोन करकरून विचारून राहिले की काय बे, तुझ्या पुतणीनं भर ग्रामसभेत तुझ्याच घराचं नाव घेतलं म्हणे. घेतलं. आता पूर्ण ऐका.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, चुलबंद नदीपासून थोडं आत. नाव मुद्दाम टाकत नाही. धानाचा मुलूख, वरच्या अंगाला जंगल, मधात गाव आणि गावाच्या पायथ्याशी मामा तलाव. नागपूरच्या पलीकडच्या लोकांना वाटते कोण्या मामानं बांधला असेल. माजी मालगुजारी, म्हणजे आधी मालगुजारांचे, सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांचे, त्याचं झालं मामा. कोहळी लोकांनी गोंड राजांच्या वेळेपासून बांधलेले असे तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून हजारोंनी आहेत, नवेगावबांध त्यातला सगळ्यात नावाजलेला. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि जे सगळ्यांचं ते कोणाचंच नाही ह्या न्यायानं पाळीवर म्हणजे बांधावर बेशरमची झुडपं वाढली, तुडुम म्हणजे पाणी सोडायचं तोंड गळायला लागलं, गाळ भरत गेला. तरी आमचा तलाव अजून चालू आहे बरं का. खालच्या बांध्यांना ओलीत त्याचंच, ढिवर टोलीचे, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीचे, मासे आणि शिंगाडे त्यातलेच, बायांचं धुणं, म्हशी, गणपती, शारदा, भुजलीचं विसर्जन, पोट्ट्यांचं पोहणं, सगळं तिथंच.

आता एक गोष्ट कबूल करतो. आमच्याकडं घाण पाण्याचा विषय निघाला की सगळ्यांच्या तोंडात एकच नाव, नागपूर. आणि ते खोटंही नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत, आणि तिथं गोसीखुर्द धरणाचं पाणी तुंबलेलं, म्हणजे घाण पुढं वाहून जायच्या ऐवजी तिथंच बसते, वरून जलपर्णी, काठच्या गावांना वास. नाग नदी स्वच्छ करायची १,९२७ कोटींची योजना कधीची मंजूर आहे. ह्या विषयावरचे मेसेज मी स्वतः व्हॉट्सॲपवर किती पुढं पाठवले असतील त्याचा हिशोब नाही. पण आमच्या तलावाचा नाग नदीशी काडीचा संबंध नाही. त्यात पाणी येते दोनच ठिकाणांहून, जंगलातून आणि गावाच्या नालीतून. हे मला माहीत होतं की! लहानपणापासून माहीत होतं.

पुतणी सातवीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. सरांनी प्रकल्प दिला होता, आपल्या परिसरातलं पाणी असा काहीतरी. रविवारी ती माझ्या सेवा केंद्रात येऊन नेटवर शोधत बसायची, मी दुर्लक्ष करायचो. एक दिवस म्हणे काकाजी इकडं या, हे पाहा.

कॅनडात नोव्हा स्कोशिया म्हणून समुद्रकाठचा प्रांत आहे, तिथं लाहेव नावाची नदी, जी पुढं अटलांटिक समुद्राला मिळते. त्या नदीकाठी स्टेला बोल्स नावाची पोरगी राहायची, २०१५ साली ती ११ वर्षांची. तिला घरासमोरच्या नदीत पोहायचं होतं, आई नाही म्हणाली. काहून नाही? तर नदीत संडासचं पाणी येते. काठच्या कितीतरी घरांचे पाइप सरळ नदीत सोडलेले, तिकडं त्याला स्ट्रेट पाइपच म्हणतात, कायद्यानं चालत नव्हतं तरी वर्षानुवर्षं चालू होतं. म्हणजे पैसेवाला देश, तिथंही तेच. पोरीनं शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी एका निवृत्त डॉक्टरच्या मदतीनं नदीचं पाणी तपासलं, त्यात विष्ठेचे जंतू निघाले, मग तिनं आपल्या धक्क्यावर मोठी पाटी लावली की ह्या नदीत विष्ठेचे जंतू आहेत. आईनं त्याचा फोटो फेसबुकवर टाकला आणि झाला बोभाटा. २०१७ मध्ये तिथल्या तिन्ही पातळ्यांच्या सरकारांनी मिळून १ कोटी ५७ लाख कॅनेडियन डॉलर काढले, ६०० च्या आसपास पाइप बदलायला.

मी म्हटलं वा, छान आहे, लिही वहीत.

तर म्हणते, "काकाजी, आपल्या गावात असे सरळ पाइप किती असतीन?"

"एकही नाही. आपलं गाव हागणदारीमुक्त आहे बेटा, फोटो मीच अपलोड केले सगळे."

"मोजू का मंग?"

"मोज."

हे मोज म्हणणं मला फार महाग पडलं.

सात पोट्टे होते एकूण. चार मुली, तीन मुलं, त्यातले दोघं ढिवर टोलीचे, म्हणून त्यांच्याकडं डोंगा होता. पोळ्यानंतरचे दिवस, पाऊस चालूच. दोन दिवस हे लोक वही घेऊन नालीनं नालीनं फिरले, मागच्या अंगणातून डोकावले, कुत्रे मागं लागले, एका आजीनं चोर समजून काठी दाखवली, आणि शेवटी आकडा आणला २३. पाइप २३. सगळे संडासच्या टाकीतून निघून नालीत, नाली तलावात. तेविसातला एक आमच्या वाड्याच्या मागून निघालेला, पिवळ्या रंगाचा, चार इंची, मीच भंडाऱ्याहून आणलेला.

आता कोणी म्हणेल पाइप काढला काहून. तर ऐका, हा प्रश्न फोटो मागणाऱ्यांना कधी पडत नाही. संडाससाठी १२ हजार मिळाले, बांधायचे होते दोन खड्ड्यांचे, एक भरला की दुसरा चालू करायचा, पहिल्यातलं वर्ष दोन वर्षात खत होते. कागदावर फार सुंदर. पण आमची जमीन मोरांड, चिकण, पाणी मुरता मुरत नाही, त्यात घरं तलावाला लागून म्हणजे पावसाळ्यात हातभर खोदलं की पाणी लागते. खड्डा आषाढातच भरून उलटा येते. मग माणूस काय करेल? मिस्त्री म्हणते भाऊ एक पाइप काढून देतो नालीत, टेन्शन संपलं. आणि खरंच संपते, आपलं. बऱ्याच जणांनी तर दोन खड्ड्यांच्या ऐवजी एकच टाकी केली, मीही केली, फोटोत काय दिसते, दार आणि भांडं.

आमचे बाबा ह्याच्यावर एक बोलले ते डोक्यातून जात नाही. म्हणे आमी सारी जिंदगी लोटा घेऊन बाहीर गेलो, तवा ते उनात वारून जाये, आता तुमी घरात बसून डायरेक्ट तलावात जाता. (पावसाळ्यात तेव्हाही वाहून यायचंच म्हणा, आणि बायांचे काय हाल होते ते बाबांना कोण विचारेल, आईला विचारा. पण तरी.)

पाइप मोजून झाले पण पोट्ट्यांना पुरावा पाहिजे होता, त्या कॅनडावालीसारखा. आमच्या इथं जलसुरक्षक असते, तो पाण्याचे नमुने घेते, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते, त्यावरून पंचायतीला हिरवं, पिवळं नाहीतर लाल कार्ड मिळते. आम्हाला हिरवं आहे. पण ते कार्ड पिण्याच्या पाण्याचं, नळयोजना, हातपंप, विहीर. तलावाला कुठलंच कार्ड नाही कारण तलाव कोणी कागदावर पीत नाही. शाळेतल्या सरांनी जलसुरक्षकाला गाठून त्या हायड्रोजन सल्फाइडवाल्या बाटल्या मिळवल्या. साधी गोष्ट आहे, बाटलीत औषध लावलेली पट्टी, त्यात पाणी भरायचं, झाकण लावून एक-दोन दिवस गरम जागी ठेवायचं, विष्ठेतले जंतू असले की ते हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात आणि पाणी काळं पडते. ही पद्धत १९८२ मध्ये आपल्याच ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या लोकांनी काढली आणि पुढं जगभर वापरली गेली, हे मला सरांनी सांगितलं तेव्हा छाती जरा फुगली, तेवढ्यापुरती.

सहा बाटल्या. नळ, शाळेचा हातपंप, देवळाजवळची विहीर, तलावाचा घाट, नालीचं तोंड, आणि डोंग्यातून जाऊन तलावाच्या मधातली. सप्टेंबरची गरमी, म्हणून वेगळी सोय करायची गरज नव्हती, शाळेच्या कपाटात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नालीच्या तोंडाची बाटली डांबरासारखी काळी. घाटाची दुपारपर्यंत काळी. मधातली तिसऱ्या दिवशी काळपट. नळाची आणि हातपंपाची जशीच्या तशी. आणि विहिरीची, जिच्यावर लाइट गेल्यावर अर्धा गाव पाणी भरतो, ती काळी.

टोलीतला एक पोट्टा त्या दिवशी बोलला, मले तर बाटलीशिवायच माहीत होतं. कसं रे? म्हणे पहाटे बाबासंगं जातो तं मासोऱ्या वर तोंड काढून हवा घेतात, आदी नोती घेत. सरांनी मग समजावून सांगितलं की घाण आणि शेतातलं डीएपी खत ह्यानं शेवाळ वाढते, रात्री तेच शेवाळ पाण्यातली हवा ओढून घेते, पहाटेच्या वेळेला सगळ्यात कमी उरते. म्हणजे पोट्ट्याला आजार माहीत होता, नाव तेवढं नव्हतं. आमच्यापैकी कोणी पहाटे तलावावर जातच नाही.

आणि मग आला फ्लेक्स.

गावात कोणाचा तरी वाढदिवस होऊन गेला होता, चौकात भाऊंचा भला मोठा फ्लेक्स, हात जोडलेले, खाली पन्नास शुभेच्छुकांचे थोबाडं. पावसानं तो खाली पडला होता. पोट्ट्यांनी उचलून आणला, मागची पांढरी बाजू, त्यावर ऑइल पेंटनं लिहिलं, 'ह्या तलावात गावाचा गू आहे. पोहू नका.' आणि घाटावर दोन बांबू ठोकून लावला. गणपती नुकतेच बुडवले होते, काठावर प्लास्टर ऑफ पॅरिसचे हात, सोंड तसेच पडलेले, त्याच्या मधात हा बोर्ड.

बोंब झाली. पाण्यात गू असणं चालते पण गू हा शब्द नाही चालत. देवाचं विसर्जन होते तिथं असं लिहितात का, शाळेत हेच शिकवतात का, गावाची बदनामी, पाहुणे आले तर काय म्हणतील, पोट्ट्यांना कोणीतरी भडकावलं. सरांच्या बदलीची भाषा झाली. मला एक जण म्हणाला तू पंचायतीत बसते आणि तुझ्याच घरची पोट्टी असं करते. रात्री फ्लेक्स गायब. सकाळी पोट्ट्यांना तो पाळीच्या मागं बेशरमच्या झुडपात सापडला, त्यांनी परत लावला. परत गायब, परत लावला. तिसऱ्यांदा लावून राहिले तेव्हा टोलीतल्या त्या पोट्ट्याची आई आली.

मी तिथंच होतो, पुतणीला घरी न्यायला गेलो होतो. ती बाई चिडलेली नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणाली, "पोट्टेहो, तुमी लिवलं ते खरंच असन. पन शिंगाडा निंगाले पंधरा दिवस रायले. बजारात माह्या शिंगाड्याले कोन हात लावन? मासोरी कोन घेन? घान सोडनार वरचे आन उपासी मरनार आमी?"

कोणी काही बोललं नाही. तिचा मुलगा ब्रश हातात धरून उभा, पेंट पायावर ठिपकून राहिला. आम्ही मोठे लोक देवाचं आणि इज्जतीचं बोललो होतो, ते पोट्ट्यांनी ऐकून सोडलं. हे सोडता येत नव्हतं. तलावाचा ठेका टोलीच्या मच्छीमार संस्थेकडं, टोलीत २३ पैकी एकही पाइप नाही, आणि बोर्ड लागला तर मार पहिला त्यांच्याच पोटावर. तिकडं कॅनडात असं काही झालं होतं का कोणास ठाऊक, पण आमच्या पोट्ट्यांचा प्रकल्प मला वाटते त्या संध्याकाळी खरा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स घाटावर नव्हता. तो नालीच्या तोंडाशी होता, वरच्या मोहल्ल्यातून रस्ता उतरते तिथं, आणि जुनं वाक्य पुसून नवं लिहिलेलं, 'ह्या नालीतून २३ घरांचा गू तलावात जाते.' तलाव घाण आहे असं नाही, घाण कुठून येते ते. दोनशे फूट हललेला बोर्ड, पण शिंगाडेवाली सुटली आणि आम्ही अडकलो.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तोबा गर्दी. एरवी कोरम भरत नाही, सभा तहकूब करून परत घ्यावी लागते, मी रजिस्टर घेऊन घरोघरी सह्यांना फिरतो. ह्या वेळी भांडायला म्हणून का होईना, सगळे आले. सरपंचबाई, ग्रामसेवक साहेब (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, जिभेवर बसत नाही), मी बाजूला लॅपटॉप घेऊन. एक जण उठला की लहान पोरांना ग्रामसभेत बोलायचा हक्क काय, मतदान आहे का त्यांचं. सरपंचबाई म्हणाल्या मतदान नाही, तोंड तर आहे.

मला वाटलं पुतणी यादी वाचणार, २३ घरांचे नंबर. माझ्या पोटात गोळा, कारण त्यात भाऊंचंही घर होतं, फ्लेक्सवाल्या भाऊंचं, आणि दोन सदस्यांचं. पण त्यांनी आधीच आपसात ठरवलं होतं की दुसऱ्याच्या घराचं नाव घ्यायचं नाही. ती उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या घरचा पाइप नालीत जाते. माह्या काकाजीनं बसवला." बसली. मग दुसरी उठली, आमच्या घरचा पाइप नालीत जाते. तिसरा. चौथी. सातातल्या चौघांच्या घरचे होते, चौघांनी सांगितलं, बाकीचे तिघं नुसते उभे राहिले. दोन मिनिटं लागली असतील सगळं मिळून.

मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. इतिवृत्त मलाच टाइप करायचं होतं.

त्यानंतरची चर्चा लांब झाली आणि बरीचशी नेहमीसारखी, पैसा कुठून, आधी वरच्यांचे बंद करा, आधी खालच्यांचे बंद करा. पैशाचं मी सांगितलं, तोंड लपवायला काहीतरी काम पाहिजे होतं. पंधराव्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेलाच वापरावा लागायचा, आणि शोषखड्डे रोजगार हमीतूनही होत होते. ठराव झाला. नालीच्या तोंडाशी सांडपाण्याचं स्थिरीकरण तळं, जिथं घाण पाणी थांबून निवळते, तेही करायचं ठरलं, ते अजून प्रस्तावात आहे, आणि प्रस्ताव माझ्याच फोल्डरमध्ये आहे.

आमचा पाइप मी दसऱ्यानंतर काढला. आता मिस्त्री दुसरा पाहिला, थोडा शिकलेला. त्यानं सांगितलं की पाणी वर असलेल्या जागी खड्ड्याचा तळ बंद करायचा, चहूबाजूंनी दीड-दोन फूट वाळूचा थर द्यायचा म्हणजे पाणी गाळून बाहेर पडते, आणि खड्डा जमिनीच्या वर उचलून घ्यायचा. दोन खड्डे, विटांची जाळी, वाळू, मजुरी, २६ हजार गेले. आई म्हणे एवढ्यात पोरीच्या कानातले झाले असते. पोरगी टेप घेऊन वाळूचा थर मोजत होती, एका बाजूनं चार बोटं कमी निघाला तर मिस्त्रीला परत उकरायला लावलं. मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं, मी आभाळाकडं.

आजच्या घडीला २३ चे १४ राहिले आहेत. भाऊंचा चालू आहे. विहिरीत टीसीएल पडते दर आठवड्याला, आणि तिथं पाटी आहे, उकळून प्या. शिंगाडा ह्या वर्षी गेला बाजारात, बरा गेला म्हणतात. फ्लेक्स नालीपाशीच आहे, लिहिलेली बाजू मोहल्ल्याकडं, त्यामुळं तलावात म्हैस धुणाऱ्यांना हात जोडलेले भाऊ दिसतात.

एक दिवस पुतणीनं माझ्या भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवून दाखवलं, आपला सांडवा, नाला, चुलबंद, वैनगंगा, मग वर्धा मिळाली की प्राणहिता, सिरोंच्याजवळ गोदावरी, मग आंध्रात जाऊन समुद्र. म्हणे काकाजी, आपनही समुद्रवालेच आहो, फक्त लय दूरचे. मी म्हटलं हो, जेव.

काल परत सहा बाटल्या भरल्या. डिसेंबर आहे, थंडीत जंतू वाढत नाहीत आणि बाटली खोटं सांगते, म्हणून गरम जागा पाहिजे होती, तर पोट्ट्यांनी त्या माझ्या सेवा केंद्रात सीपीयूवर ओळीनं ठेवल्या आणि मला मशीन रात्रभर चालू ठेवायला सांगून गेले. उत्पन्नाचा दाखला काढायला आलेला प्रत्येक माणूस विचारते हे काय औषध आहे. घाटाची बाटली आताच कोपऱ्यात काळी दिसून राहिली. नालीच्या तोंडाची रात्रीच्या दहा वाजता अजून पिवळी आहे, मागच्या वेळी ह्या टायमाला ती डांबरासारखी काळी झाली होती. मी दोनदा उठून पाहून आलो. सकाळी सहाला पोट्टे येतो म्हणाले आहेत, किल्ली माझ्याकडं आहे.